पेडलवरचा पाय

४ ऑगस्ट १९९७
नव्या यंत्राची आज पहिली केस. खुब्याच्या ऑपरेशनात मांडीचं हाड आतून कोरायचं काम आता यंत्राचा हात करतो. खाली पेडल आहे. दाबून धरलं की हात चालतो, सोडलं की थांबतो. शिकवताना सांगितलं होतं, पाय डॉक्टरांनी ठेवायचा. पण आमच्या डॉक्टरांना पडद्यावरून नजर हलवायची नसते. म्हणाले, सिस्टर, तुम्ही घ्या पेडल, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही.

यंत्राला पाय कसा लावायचा? आधी वाकून हात लावला, डोळ्यांना लावला, मग पाय ठेवला. सगळी ओ.टी. हसली. भूलवाले डॉक्टर म्हणाले, आता यंत्र आशीर्वाद देणार. हसेनात का. केस झकास झाली.

७ ऑगस्ट
घरी आल्या आल्या लिहायला बसले.

आजचा पेशंट वेंकटप्पा, देवनहळ्ळीच्या बसवर कंडक्टर. टेबलावर विचारत होता, कापणार कोण? मीच म्हटलं, मशीन, अण्णा, ते चुकत नाही.

पेडलला नमस्कार केला, पाय ठेवला. अर्ध्यावर आवाज बदलला. हाडाचा कोरडा आवाज जाऊन ओला यायला लागला. डॉक्टरांकडे पाहिलं. ते पडद्यात. पडद्यावर सगळं ठीक. रक्त उसळलं तेव्हा न विचारता पाय उचलला. यंत्राचं टोक हाडाबाहेर गेलं होतं. उरलेलं डॉक्टरांनी हातानं केलं.

आवाज बदलल्यावर लगेच उचलला असता तर

८ ऑगस्ट
डॉक्टरांनी वें.ला पाऊल वर करायला सांगितलं. होईना. तो माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, स्वल्प थांबा सिस्टर, झोपलंय अजून.

झोपलेलं नाही. नस गेलीय. डबा तसाच परत आणला.

११ ऑगस्ट
कंपनीचा इंजिनिअर दिवसभर यंत्र उघडून बसला. दोष नाही म्हणे. डॉक्टर तापून म्हणाले, मी तर हातसुद्धा लावला नव्हता, चूक यंत्राचीच. तो शांतपणे म्हणाला, "यंत्र आपणहून चालत नाही, साहेब. म्हणून तर पेडल दिलंय. पाय कुणाचा होता?"

मग भूलवाले म्हणाले, सिस्टरचा. आधी नमस्कार करतात ना त्या, आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

खोटं काय बोलले? नुसता पाय ठेवला असता तर कुणाच्या ध्यानात राहिलं असतं. आई म्हणायची, पाय लागला की नमस्कार करावा. केला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पत्रा कापायचं प्रेस चालवतात, तेही पायाच्या पेडलवर. तिथं कुणाचं बोट गेलं की पहिला प्रश्न हाच असतो. जेवता जेवता थांबले.
"डॉक्टरांनी ठेवायला लावला, हे ऐकलं कुणी?"
"सगळ्यांनी."
"सांगतील?"
मी त्यांच्या ताटात भात वाढला. मला भीती वाटतेय. नोकरीची वाटतेय, पोलिसांची वाटतेय.

१३ ऑगस्ट
डॉक्टरांनी खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी बसवलं नव्हतं. सोमवारी चौकशी आहे. म्हणाले, "तुम्ही एवढंच सांगा की पेडल तुमच्याकडे होतं. मी दिलं होतं हे नको. बाकी मी बघतो."

बाकी म्हणजे काय ते विचारायचं धाडस झालं नाही. माझा बनशंकरीचा स्टॉप मागे पडला तरी बसमध्येच बसून होते.

१७ ऑगस्ट, रविवार
ड्यूटी नव्हती, तरी वॉर्डात गेले. वें. भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाऊल लोंबतंय, खाली फळी बांधलीय.

त्याची बायको बाहेर भेटली. तिला कुणीतरी सांगितलंय, सिस्टरनं मशीन थांबवलं म्हणून माणूस वाचला. मला कळायच्या आत ती वाकली, माझ्या उजव्या पायाला हात लावला आणि डोळ्यांना लावला. तोच पाय. मी चटका बसल्यासारखी मागे सरले.

तिथंच खाली बसून तिनं वर पाहिलं. भांडायला नव्हती आली, खरंच विचारत होती. "थांबवलं तुम्ही. मग चालवत कोण होतं, अक्का?"

उद्या सांगते म्हटलं. ती मान हलवून सरी म्हणाली. चौकशी सकाळी दहाला आहे, आणि तीही दारात येऊन बसणार आहे.