फ्रीजरमधली आई

आई,

तू गेल्यावर दादानं आणि मी तुझी सुटी बटणं, बुचं, रिकाम्या बाटल्या टाकून दिल्या. आता ते मोकळं घर मला खायला उठतं.

आज हॉस्पिटलच्या बायोबँकेतून फोन आला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुझ्या गाठीचा नखाएवढा तुकडा अजून त्यांच्या फ्रीजरमध्ये आहे. तू परवानगी दिली होतीस ती एकाच अभ्यासाला, आणि तो संपला. दुसऱ्या संशोधनासाठी ठेवायचा तर घरच्यांना विचारावं लागतं.

"नाहीतर नियमाप्रमाणे नष्ट करू," त्या बाई म्हणाल्या.

फुटक्या कपाचा कानसुद्धा तू कधी टाकू दिला नाहीस. मी चिडले की तुझं एकच उत्तर ठरलेलं असायचं. आज तेच माझ्या तोंडून निघालं.

"राहू द्या. लागेल कधीतरी कुणाला तरी."

तुझी धाकटी