माझ्या आजारपणावर शेजाऱ्यांचा डल्ला

तीर्थरूप ताईस,

पडल्यापडल्या नमस्कार. (साष्टांग घालायला डॉक्टरांची मनाई आहे.) तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या गच्चीची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. माझं विचारशील तर मूत्रपिंडातला खडा हटून बसलाय. पण सध्या त्याच्यापेक्षा जास्त कळा मला शेजारी देतायत.

गेल्या सोमवारी छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता मी खुर्चीतच वाकडी झाले आणि तिथून थेट इथे आले, हे तुला फोनवर कळलंच आहे. कळलं नसेल ते असं, की दुसऱ्याच दिवशी आमच्या इमारतीतल्या शिस्तबाईंनी (निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्त आपल्या कागदोपत्री) सगळ्या बिऱ्हाडांना बोलावून माझ्या संसाराचं वेळापत्रक आखलं. डबा कोणी द्यायचा, थोरल्याचा अभ्यास कोणी घ्यायचा, माझ्या उशाशी कोणी बसायचं, सगळं ठरलं. मला विचारलं? छे! ह्यांनी तो कागद मोठ्या कौतुकाने आणून दाखवला. 'आजारपणानिमीत्त' मधला 'मी' दीर्घ, 'दुध' ऱ्हस्व, आणि 'शुश्रूषा' तर मला ओळखूच येईना! अठरा वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ निस्तरले, आणि माझंच आजारपण अशुद्ध? सलाईनचा हात तसाच धरून सतरा चुका लाल केल्या आणि कागद परत पाठवला. म्हटलं, आता तरी रागावून नाद सोडतील. तर बाईंनी 'पेशंटला हुशारी वाटतेय' असा निरोप धाडला आणि दुरुस्त प्रत दारोदार चिकटवली.

बरं, मदत करायची तर बेताने करावी. ह्यांना सोळा वर्षांत चहाची गाळणी सापडली नव्हती (ती डोळ्यांसमोर खिळ्याला असते). बाईंनी त्यांना माझ्याच ओट्याशी उभं करून तीन दिवसांत भात शिकवला. तो डब्यातून इथे आला. हे समोर उभे, निकाल लागायच्या आधीच्या पोरासारखे. मी एक घास खाल्ला. ताई, मोकळा झाला होता गं. इतका संताप आला म्हणून सांगू! सोळा वर्षं हा माणूस कुठे होता?

पण खरा कळस समोरच्या घड्याळवाल्यांनी केला. जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून गेली सहा वर्षं आमचा अबोला आहे, आणि तो मी किती कष्टाने सांभाळलाय ते तुला ठाऊक आहे. हा गृहस्थ रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन धाकटीच्या वेण्या घालतो! बारीक कामाचा हात, भांग कसा रेघ मारल्यासारखा. रविवारी धाकटी मला भेटायला आली. मी म्हटलं, "घरी आले की मीच घालीन हं." तर माझी पोटची पोर म्हणते, "आई, तू ओढतेस. काका नाही ओढत."

एवढ्यावर भागलं नाही. येत्या शुक्रवारी ऑपरेशन ठरलं आणि रक्ताच्या दोन बाटल्या लागतील असं डॉक्टर म्हणाले. दोन! खाली रक्तपेढीत अकरा जण हजर, आणि रांगेत पहिले घड्याळवाले. आता त्या माणसाशी मी कुठल्या तोंडाने भांडू? सहा वर्षांची मेहनत अर्ध्या तासात पाण्यात!

काल दुपारी त्यांचीच पाळी होती. आले, स्टुलावर बसले. मी भिंतीकडे तोंड केलं. जरा वेळाने उठून त्यांनी वॉर्डातलं बंद घड्याळ उतरवलं, खिशातला चिमटा काढला, खुडबुड केली आणि चालू करून परत लावलं. जाताना म्हणाले, "वहिनी, घरची काळजी करू नका." बस, एवढंच. लोकांना कशाकशात नाक खुपसावंसं वाटतं बघ! इतके दिवस किती वाजले ते कळत नव्हतं, तेच बरं होतं. आता शुक्रवारला किती तास उरले ते मला सारखं दिसतं.

डॉक्टर म्हणतात, शक्यतो नुसता खडा निघेल. पोट उघडल्यावर वेगळं दिसलं तर एक मूत्रपिंड काढावं लागेल. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की जणू पानावरचा एक परिच्छेद गाळायचाय.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी (तूर्तास दोन्ही मूत्रपिंडांसह)
धाकटी

ता. क. : शुक्रवारी सगळी इमारत इथे लोटणार आहे. माणसं चांगली आहेत गं, फार चांगली आहेत. म्हणूनच त्यांच्यासमोर मला रडता येणार नाही. तू गुरुवारी ये.

ता. क. २ : मी बोलावलं असं ह्यांना सांगू नकोस, घाबरतील. 'मला कोणी काही कळवत नाही' म्हणून भांडतच आत शीर, म्हणजे कोणाला संशय यायचा नाही.