हँडलवरची रिंग

बाबा, तुमचं मशिन मी उघडायला घेतलंय. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कोणाला विचारून? कोणालाच नाही. चाळ पाडून टॉवर झाला, आपल्याला नवव्या मजल्यावर जागा मिळाली, आणि किचनला लागून एक ड्राय बाल्कनी आहे. सगळ्या मजल्यांवर तिथे लोकांची वॉशिंग मशिनं आहेत. माझ्याकडे तुमचं लोखंड कापायचं मिलिंग मशिन आहे, कपडे मी हातानं धुते. टेबलावर बसेल एवढंच ते, पण वर चढवताना चार हमालांनी लिफ्टमध्ये काय काय शब्द काढले ते तुम्हाला लिहीत नाही. आई गेल्यावर घरातल्या वस्तूंचं काय करायचं असं बोलणं निघालं, तेव्हा दादा म्हणाला, "मशिन तूच ठेव बाय. माझ्या काय कामाचं?" इतक्या सहज म्हणाला की मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. ज्या वस्तूसाठी मी जन्मभर त्याच्यावर जळले, ती त्यानं जुन्या बादलीसारखी माझ्याकडे सरकवली.

निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे, ह्या मशिनचं सीएनसी करायचं. म्हणजे तुमची तिन्ही हँडलं काढायची, त्यांच्या जागी मोटरी बसवायच्या, आणि टेबल किती सरकायचं ते हाताऐवजी कॉम्प्युटरनं ठरवायचं. चार महिने मी वही भरतेय. टेबल डावी-उजवीकडे किती जातं, पुढे-मागे किती, मोटरीला जोर किती लागेल, टेबल सरकवणाऱ्या जुन्या स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू बसवायचा तर खाली जागा उरते का, उडणारा लोखंडाचा कीस बेल्टात जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण कसं वळवायचं. स्क्रूमधला प्ले मी दहा दहा वेळा मोजला. हँडल उलटं फिरवलं की टेबल हलायच्या आधी ते थोडं रिकामंच फिरतं, त्याला तुम्ही प्ले म्हणायचात. टेबलाच्या मधल्या भागात तो सगळ्यात जास्त निघाला, कारण तुमचं सगळं काम मधेच व्हायचं. जेवायच्या टेबलावर ड्रॉइंगं पसरलेली असतात आणि मी एका कोपऱ्यात ताट घेऊन बसते.

हे सगळं कशासाठी, असं सोसायटीतल्या बायका विचारतात. त्यांना मी सांगते, छंद. तुम्हाला खरं सांगते. माझगावच्या एका ड्रॉइंग ऑफिसात मी तेहतीस वर्षं काढली. बोल्टापासून जहाजाच्या झडपेपर्यंत सगळं कागदावर काढलं, पण लोखंडाचा एक तुकडा स्वतः कापला नाही. सीएनसीला बसलेला हात लागत नाही, ड्रॉइंग लागतं. आणि ड्रॉइंगमध्ये मला कोणी हरवणार नाही, दादा तर नाहीच.

गिरणी बंद झाल्यावर तुम्ही रे रोडच्या भंगारवाल्याकडून हे मशिन आणलंत आणि जिन्याखालच्या खोलीत बसवलंत. गिरणीच्या वर्कशॉपात मोठी मशिनं चालवलेला माणूस तुम्ही, ह्या छोट्या मशिनसमोर सुरुवातीला जरा अवघडून उभे राहायचात. मग कामं यायला लागली, पट्ट्यांच्या बकलांच्या डाय म्हणजे साचे, शिलाई मशिनचे सुटे भाग, कोणाच्या तरी छापखान्याचं तुटलेलं काहीतरी. दादा बावीस वर्षांचा, मी एकोणीस. मी अजून त्या खोलीत उभी आहे असं कधी कधी वाटतं. तेलाचा वास येतोय, डोक्यावरून जिन्यावरचे पाय धडधडत जातायत, आणि तुम्ही दादाच्या मागे उभे राहून त्याच्या हातावर हात ठेवून हँडल फिरवताय. "पुढं गेलास तर तसाच मागं येव नको. एक फेरा पूर्ण मागं जा, मग पुढून ये. प्ले खाऊन टाक." माझ्या हातात ब्रश असायचा, कीस झाडायचा. एकदा मी हँडलला हात लावला तर तुम्ही म्हणालात, "बाय, बाजूला हो. वेणी अडकंल." पुढच्या रविवारी मी खांद्यापर्यंत केस कापून आले. तुम्ही आईला विचारलंत, "हिला काय झालां?" आणि पुन्हा दादाकडे वळलात.

मला दादाचा हेवा वाटायचा असं म्हटलं तर ते फार सभ्य होईल. मी जळायचे. तो जेवताना बोटांना लागलेलं तेल कौतुकानं बघायचा, ते मला बघवायचं नाही. तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवायचात, तसा माझ्या डोक्यावरही कधी ठेवला नव्हतात. आणि त्याला ते काम जमत होतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट. जमलं नसतं तर मी त्याच्यावर माया केली असती.

आता ते लिहिते. तुम्ही आठ दिवस खपून एक डाय केली होतीत आणि शेवटचा कट पहिल्यांदाच दादाला दिलात. शनिवार होता, दुपार. दादानं कटर पृष्ठभागाला टेकवला, हँडलवरची रेघा-आकड्यांची रिंग अंगठ्यानं फिरवून शून्यावर आणली, आता दहा रेघा खाली जायचं असं स्वतःशी म्हणाला आणि कापायच्या आधी वर चहा प्यायला गेला. गिऱ्हाईक आलं होतं, तुम्ही त्याच्याशी वाडीच्या तोंडाशी बोलत होतात. खोलीत मी आणि माझा ब्रश. ती रिंग मी पाच रेघा फिरवली. घट्ट होती ती, मला दोन्ही अंगठे लावावे लागले. दादा आला, दहाच्या जागी पंधरा रेघा खाली गेला आणि डाय वाया गेली. तुम्ही ती उचलून उजेडात धरलीत, मोजलीत, आणि गिऱ्हाइकासमोर अगदी हळू आवाजात म्हणालात, "हे काम तुझ्या हातातलां नाय. उद्यापासून हय येव नको." दादानं रिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. चिंधीला हात पुसले आणि गेला. त्याला मशिनचा संशय आला नाही, स्वतःचाच आला.

पुढच्या महिन्यात तो कॉटन ग्रीनला एका गोदामात कारकून म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मला वाटलं होतं, आता तुम्ही मला बोलवाल. मी ब्रश घेऊन दोन दिवस त्या दारात उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "कीस मीच झाडीन." त्यानंतर मी जिन्याखाली फारशी आलेच नाही. येता-जाता दिसायचं ते एवढंच, की तुम्ही काम करता करता आकडे पुटपुटायचात आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचात. सत्तेचाळीस अधिक दहा, सत्तावन्न. पुसायचं, पुन्हा लिहायचं. मला वाटलं, वय झालं, आता ह्यांच्या लक्षात राहत नाही.

गेल्या रविवारी दादाला बोलावलं. मोटरी बसवायला ॲल्युमिनियमच्या सहा प्लेटा लागतात. मला त्या बाहेरून कापून घेता आल्या असत्या, पण हँडलं काढायच्या आधी ह्या मशिननं स्वतःच्याच प्लेटा कापाव्यात असं मी ठरवलं, आणि ते काम मीच करायचं. पहिली प्लेट मी बिघडवली. दुसरी अर्धी बिघडवली. दादा परळहून चालत येतो, पिशवीत न चुकता केळी असतात. तो दारात हात मागे बांधून उभा. चाळीस वर्षांत त्यानं ह्या मशिनला बोट लावलेलं नाही.

"मी ड्रॉइंग वाचतो, तू फिरव," तो म्हणाला.

मी फिरवलं आणि पुढे गेले.

"थांब थांब. तशीच मागे नको येऊस. एक फेरा पूर्ण मागे जा, मग पुढून ये."

"मला माहितीय," मी म्हटलं.

"मग कर ना."

मी बाजूला झाले. का झाले ते मला माहीत नाही, कदाचित दमले होते. त्यानं बाह्या दुमडल्या, हँडल धरलं, आणि बाबा, त्याचा हात काही विसरला नव्हता. कटर टेकवला आणि अंगठा आपोआप रिंगवर गेला. शून्यावर आणायला.

"अगं, रिंग फिरत नाय."

"गंज धरला असेल."

"गंज नाय." त्यानं चष्मा लावला, मोबाइलचा टॉर्च खालच्या बाजूला धरला. रिंगच्या पोटात मुगाच्या डाळीएवढा एक स्क्रू होता. "हा कंपनीचा नाय. मागनं भोक पाडून आटे पाडलेत. बाबांनीच बसवलाय." तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे रिंग सरकत होती, बाय. आपोआप सरकत होती ती."

मी ब्रश उचलून टेबलावरचा कीस झाडायला घेतला.

"त्या डायच्या वेळी सरकली असणार. माझं चुकलंच नव्हतं." तो ओट्याला टेकला. "तुला सांगतो, मी घरी नळाचा वायसर बदलायलापण प्लंबरला बोलावतो. तुझी वहिनी हसते. मी म्हणतो, आपल्या हातातलं काम नाय ते." मग थोड्या वेळानं, "पण बाबांना नंतर कळलं होतं, तर मला बोलले का नाहीत?"

"विसरले असतील," मी म्हटलं.

तुम्ही विसरला नव्हतात. ती रिंग आपोआप सरकणारी नव्हती, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? मला दोन अंगठे लागले होते. त्या दुपारी खोलीत कोण होतं हेही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. एक बारीक स्क्रू मारलात आणि रिंग कायमची जागेवर धरून ठेवलीत, पुन्हा कोणाला ती फिरवता येऊ नये म्हणून. एकदा ती पक्की केल्यावर हवं तिथे शून्य कधीच मिळणार नव्हतं. हँडल जिथे थांबेल तिथला आकडा लक्षात ठेवायचा आणि त्यात पुढच्या कटाची बेरीज करायची, प्रत्येक कामाला, हात चालेपर्यंत. माझ्या नावाचा उच्चार होऊ नये म्हणून तुम्ही खडूनं बेरजा करत बसलात. आणि मी समजत होते, तुमचा जीव सगळा दादावर.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदाच वाटलं की तुम्ही त्याला टाकून मला घेतलंत. मग मी दादाकडे पाहिलं. तो पुन्हा मशिनकडे वळला होता आणि प्लेट कापत होता, तुमच्यासारखाच ओठ आत घेऊन, आकडा पुटपुटत. मला झाकायला तुम्ही त्याचे हात घेतलेत, बाबा. एवढं तरी त्याला सांगायला हवं होतंत, रिंग सरकली म्हणून. खोटं का होईना. ते खोटं चाळीस वर्षांनी त्याचं त्यालाच शोधावं लागलं, आणि तरी तो किती खूश झाला.

त्यानं दुपारभरात पाच प्लेटा कापल्या. जाताना म्हणाला, "हँडलं काढायची घाई करू नकोस हं. पुढच्या रविवारी येतो, उरलेली एक करून टाकू." जिना उतरत गेला, लिफ्ट असताना. शीळ घालत होता. मी दार लावलं आणि मला पुन्हा तेच झालं, एकोणिसाव्या वर्षी व्हायचं तेच. इतकी वर्षं हँडल धरलेलं नाही आणि पाच प्लेटा. मी चार महिने वह्या भरतेय.

हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलंय की तुम्हाला ह्यातलं काहीच नवीन नाही. ज्याला नवीन आहे तो रविवारी केळी घेऊन येणार आहे. पत्र त्याच्या नावानं लिहायला हवं होतं, पण वर "बाबा" लिहिलं तेव्हा मला धीर आला, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. आता हा कागद वहीत ठेवते, प्ले मोजला त्या पानांमध्ये. त्याला दाखवेन की नाही, आज तरी सांगता येत नाही.

एक राहिलं. निघताना त्यानं पाची प्लेटा ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि विचारलं, "बघ गं, बऱ्या झाल्यात का?" मी एकेक मोजली. कुठेच फरक नव्हता. मी म्हटलं, "चालतील."