दर शनिवारचा कावळा

प्रिय अहो,

'प्रिय पितांबर' असं लिहायला घेतलं होतं. पण उखाण्याबाहेर ते नाव कधी तोंडात आलं नाही, आणि आता कागदावरही येईना. तेव्हा अहोच बरं. तुमच्या निळ्या शर्टाची बटणं बदलली आहेत. त्याच शर्टाच्या घडीत हे पत्र ठेवून शेजारच्या हाशमभाईंकडे देतेय. ते उद्या माल घेऊन धुळ्याला येतील तेव्हा तुमच्या सबस्टेशनवर पुडकं देऊन जातील. फोनवर का बोलले नाही म्हणाल, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर, तिकडे तुमच्या जोडीचे वनाभाऊ चहा पीत बसलेले आणि इकडे माझ्या मांडीला मांडी लावून आई. हे असं चौघांत बोलायचं नाही. तुम्हीही एकटे असाल तेव्हाच वाचा, आणि वाचून होईपर्यंत दवाखान्यात काही पक्कं करू नका.

रविवारी जाताना तुम्ही सगळं ठरवूनच सांगितलंत. गुरुवारी मी आईंना घेऊन धुळ्याला यायचं, शुक्रवारी सकाळी भरती व्हायचं आणि गर्भपिशवी काढून मोकळं व्हायचं. वनाभाऊंच्या बायकोची काढली तर ती आता टाकीवर चढून पाणी बघते, असंही म्हणालात. मी 'बरं' म्हटलं. तेव्हापासून ते 'बरं' मला सुखानं बसू देत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, उसवली, तर पुन्हा उलटीच जोडली. मशीनवरून उठते, गॅलरीत जाते, कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत येते. हे पत्र लिहितानासुद्धा दोनदा उठून झालं. आईंना वाटलं मी ऑपरेशनला घाबरले. घाबरलेय खरी, पण ज्या दुखण्यासाठी तुम्ही मला तिकडे नेताय ते दुखणं मला नाहीच, म्हणून.

सारखं अंगावरून जातंय, थांबतच नाही, असं मी तुम्हाला सांगत आले. खरं म्हणजे होळीपासून पोळ्यापर्यंत मला पाळीच आली नाही. मग एकदा आली ती जेमतेम दिसण्यापुरती. पण तुम्ही शनिवारी संध्याकाळी जळगावला आपल्या पिंप्राळ्यात उतरलात की मी आपली बाजूला. आपल्या घराची रीत माझ्या कामी आली. आईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांनी त्या दिवसांत स्वयंपाकघर माफ केलंय, कारण नाहीतर भाकरी कोण थापणार. देवघर आणि पलंग एवढे दोनच विटाळ उरलेत. देवाला मी हात लावत नव्हते आणि पलंगावर येत नव्हते. पुढच्या खोलीत आईंच्या खाटेजवळ माझी चटई. आईंच्या मात्र लक्षात आलं. एकदा डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "शनवार उना का कावया शिवस का वं तुले?" मी म्हटलं, वय झालं आई, आता कधीही येतं. त्या डाळीतला खडा बघत बसल्या. तुम्ही तर कधी मोजलंच नाही. या गोष्टी पुरुषानं विचारायच्या नसतात, हे तुम्हाला त्यांनीच लहानपणी शिकवलेलं, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं.

आता का, ते सांगते. हे लिहिताना कान तापलेत, पण सांगते.

गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. आधी नुसती खाज. तीही अशा जागी, की चारचौघांत हातही नेता येत नाही. मशीनवर बसले की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू. गिऱ्हाईक समोर माप द्यायला उभं असायचं आणि माझं सगळं लक्ष कधी एकदा मोरीत जाते याकडे. मला वाटलं, काहीतरी घाण झाली. म्हणून धुवायला लागले. साबणानं धुतलं, कडुलिंबाचा पाला उकळून धुतलं, कोणीतरी सांगितलं म्हणून तुरटीच्या पाण्यात बसले, शेवटी जंतुनाशकाचे थेंब टाकून धुतलं. जितकं धुवावं तितकं कोरडं पडायचं, आणि जितकं कोरडं तितकी आग. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली. कोणाला हवी म्हणून विचारलं तर तुमचं नाव पुढे केलं, त्यांच्या पायाला चिखल्या झाल्यात म्हटलं. मेडिकलवाल्याच्या लेखी तुमचे पाय वर्षभर सडलेले आहेत. गेल्या महिन्यात तुम्ही त्याच्याकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलात तेव्हा तो तुमच्या चपलांकडे का बघत होता, ते आता कळलं असेल.

भरीतही त्याच्यापायीच सोडलं. वांगं खाजरं असतं असं आपल्याकडे म्हणतातच ना. गेल्या थंडीत तुम्ही शेतावरून वांगी भाजून आणलीत, मिरच्या ठेचल्यात, कळण्याची भाकरी माझ्या ताटात वाढलीत, आणि मी नको म्हटलं. जळगावात राहून भरीत न खाणारी बाई पहिल्यांदाच बघितली, असं तुम्ही म्हणालात. सगळे हसले. मीही हसले आणि ताकभात कालवला. वांग्याचा काही संबंध नव्हता हे आता कुठं समजलं. अख्खा हंगाम फुकट घालवला.

मग संक्रांतीनंतरचा तो शनिवार. तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही जवळ आलात आणि मला आत चिरल्यासारखं झालं. मी कळवळून तुम्हाला ढकललं. जोरात ढकललं. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून राहिलात. काय झालं विचारलंत, मी काही नाही म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी मोरीत थोडं रक्त दिसलं, ते मी पाणी ओतून घालवलं. त्यानंतर तुमची यायची वेळ झाली की माझं अंग आधीच आखडायचं. तुमचा राग नव्हता हो. त्या दुखण्याचं भय होतं, आणि ते तुमच्याबरोबर घरात यायचं, म्हणून दोघांतला फरक मला करता येईना. नको कसं म्हणायचं ते कळेना, तेव्हा कावळा शिवला असं म्हटलं. एकदा म्हटलं, मग सोपं वाटलं, मग दर शनिवारी तेच.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही बीट आणायला लागलात. खजूर आणलेत, गूळ-शेंगदाणे आणलेत, रक्त भरायचं टॉनिक आणलंत. त्या टॉनिकनं माझं पोट धरलं ते वेगळंच दुखणं. रक्त जातच नव्हतं तर भरायचं कुठं? आणि एका शनिवारी मी भांडी आवरून बाहेर आले, तर माझी चटई तुम्ही स्वतः आईंच्या खाटेशेजारी घालून ठेवलेली. उशी होती, पायाशी चादर होती, पाण्याचा तांब्याही भरून ठेवलेला. मला काही सांगावंसुद्धा लागलं नाही. तुम्ही आत निघून गेलात. त्या चटईवर मला झोप लागली नाही, आणि त्यानंतर कधीच नीट लागली नाही. तुमच्या मनानं काय घेतलं ते मला दिसत होतं. सारिकाला आता मी नको झालोय, असंच ना? तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ऋतिका नाशिकहून फोन करते, आई तुझा आवाज असा का गं म्हणते, तिला म्हणते सर्दी झाली.

सोमवारी शेजारची कनीज ओढणीला पिको करून घ्यायला आली होती. मी उभ्यानं कापड बेतत होते. ती म्हणाली, बसत का नाही? मी हसण्यावारी नेलं, तर तिनं दार लोटलं आणि सरळ विचारलं. तिलाही झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. "भाभी, ये उमर का है, गंदगी का नहीं," एवढंच म्हणाली, आणि मी तिच्यापुढे अशी रडले की ओढणीला डाग पडले. आईंना बटणं आणायला जाते सांगून तिच्या स्कूटीवर बसून दवाखान्यात गेले. बटणंही आणली, खोटं नको. तीच तुमच्या शर्टाला आहेत.

डॉक्टरीणबाई ऋतिकापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी योनी हा शब्द असा उच्चारला, जसं आपण कोपर म्हणतो. मी आधी खाली बघत होते, मग माझी मान आपोआप वर आली. त्यांनी तपासलं, साखर बघितली, ती बरोबर आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घेऊन तपासायला पाठवलाय, तो सगळ्याच बायकांनी अधूनमधून करून घ्यावा म्हणाल्या. पाळी जायच्या वाटेवर आहे, तेव्हा अंगातलं एक संप्रेरक कमी होतं, तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडते, म्हणून खाज, म्हणून आग, म्हणून जवळ येताना चिरल्यासारखं होतं. घाण नाही, संसर्ग नाही, तुमच्याकडून आलेलं नाही आणि तुम्हाला होणारही नाही. साबण, तुरटी, पाला, जंतुनाशक आणि ती चिखल्यांची ट्यूब, सगळं बंद. नुसतं साधं पाणी. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग होता का, मला कधी गाठ आली होती का, हे विचारून मग आतून लावायचं मलम दिलं. काही आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. फरक पडायला वेळ लागेल म्हणाल्या, लगेच हात टेकू नका. आणि आणखी एक जेल दिलंय, ते दोघांसाठी आहे. त्याचं काय ते समोर सांगेन.

शुक्रवारचं ऑपरेशन त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. कशासाठी, म्हणाल्या. पिशवीला काही झालेलं नाही, ती काढून कोरडेपणा जायचा नाही, आणि बरोबर अंडाशयंही काढली तर हेच सगळं दुपटीनं मागे लागेल, असं त्यांनी समजावलं. माझ्या एका खोट्यापायी मी आपल्या पायांनी चालत जाऊन टेबलावर झोपणार होते, आणि तुम्ही बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसला असतात.

आज दुपारी आईंना सांगितलं. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुमच्या आधी त्याच समोर होत्या. मला वाटलं रागावतील. त्या गुडघे चोळत म्हणाल्या, "माले बी व्हतं. कोनले सांगू?" त्यांनी किती वर्षं काढली असतील तशीच, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मग त्या भजनाला गेल्या आणि मी हे लिहायला बसले.

शुक्रवारचं नको म्हणून दवाखान्यात कळवून टाका, हे तर आहेच. पण तेवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. रविवारी सकाळी तुम्हाला वाटलं मी मोरीत आहे. मी दाराआड गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आईंनी तुम्हाला विचारलं, ऑपरेशन झाल्यावर तिनं तुला जवळ येऊ दिलं नाही तर काय करशील. तुम्ही म्हणालात, "नई तर नई. ती जित्ती पाहिजे माले. दुसरं काय बी नको." माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अहो, मी मरत नाहीये. आणि तुम्ही मला नको झालेले नाही आहात. मी पाठ फिरवली ती आगीपासून फिरवली. मला तुम्ही हवे आहात, फक्त जगायला सोबत म्हणून नाही, नवरा म्हणून हवे आहात. हे तोंडानं मला कधी बोलता येणार नाही, समोर आलात की मी चहाच टाकायला पळेन, म्हणून लिहिलं. शनिवारची वाट बघू नका. पत्र वाचून झालं की सुटी टाका आणि मिळेल त्या गाडीनं या.

तुमचीच,
सारिका