नावाड्याच्या कवितेची चाल

६ जून
कूलर गरम हवाच फेकतोय. अख्खं प्रतापनगर दारंखिडक्या लावून पडलेलं. हिच्या तोंडून आजही शब्द नाही. होळीनंतर अर्धांगाचा झटका आला, त्यात मालतीचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली. हात थोडा परतला. वाचा नाही.
बोलण्याचे व्यायाम घेणारी मुलगी जाताना म्हणाली, "बाबूजी, कई बार बात नहीं निकलती, पर बचपन का रटा हुआ निकल आता है. भजन, पहाड़े, कविता. चार लोगों के साथ बैठाकर देखिए."
पाढे राहू देत, कविता! अगं पोरी, हे आधी नाही का सांगायचंस.

७ जून
ठरवलं. दर वर्षी उन्हाळा सरताना इथली आपली मराठी मंडळी आमच्याकडे आमरसाला जमतात. शिरस्ता हिचाच. यंदा शाळा भरवायची. तिकडे गावाला सुट्टी संपून शाळा उघडते त्याच सुमारास, २१ ला. सगळ्यांनी पाचवीतली मुलं होऊन यायचं. दप्तर, डबा, आणि नावाड्याची कविता सगळ्यांनी एकदम. नदीला पूर, पलीकडे उभी मुलगी, अलीकडे म्हातारा नावाडी. हिला ती झोपेतही यायची.
अख्खा वर्ग म्हणायला लागला की अबोल पोराचंही तोंड उघडतं. मी पाहिलंय. आता नाही उघडलं तर मग काय, हे मला…

९ जून
कुलकर्णीला फोन. बँकेत मॅनेजर होता, पण आवाज अजून मॉनिटरचा. "अर्धी चड्डी? या वयात? माझे गुडघे लोकांनी का बघायचे?" पाच मिनिटांनी त्याचाच फोन, "खाकी की निळी?" नाईक जोडपं लगेच हो म्हणालं.
केतकी मात्र बंगळुरूहून चिडली. "बाबा, मतलब, आई अशी असताना फॅन्सी ड्रेस? सगळ्यांसमोर ती गप्पच राहिली तर तिला कसं वाटेल?"
फोन ठेवून दिला. मुलगी बरोबर बोलते तेव्हा फार राग येतो.

१३ जून
पाट्यांसाठी सांगानेरचा बाजार पालथा घातला. दुकानदार हसला, "अंकल, अब तो टैबलेट का ज़माना है." शेवटी पुठ्ठ्यांना काळा रंग फासला. लिमलेटच्या गोळ्या मिळाल्या, चिंच मिळाली.
हिच्या हातात पाटी दिली. उलटी धरली. मी सरळ केली. तिनं परत उलटी धरली. मग मी गोळी चघळत बसलो.

१६ जून
कविता स्वतः म्हणून सगळ्यांना फोनवर पाठवली. साताऱ्याच्या आमच्या मास्तरांची चाल. कुलकर्णीची रत्नागिरीची चाल निराळी, नाईकांची आणखी तिसरीच. पुस्तक एकच, पण ज्या त्या मास्तरानं आपापली चाल लावलेली. बजावलं, एका सुरात व्हायला हवं, तेव्हा माझीच धरा. कुलकर्णी म्हणतो, "तुझी चाल म्हणजे भरली बैलगाडी, चढावर." ही पण असलंच काहीतरी म्हणायची.
नाईकवहिनींनी एक नाव सुचवलं. जगतपुऱ्याच्या वानखेडेबाई, यजमान रेल्वेत. अकोल्याच्या, म्हणजे हिच्या माहेरच्या. बोलावलं. माहेरचं माणूस बघून खुलेल.

२० जून
उद्या. हिला सांगितलं, उद्या शाळा आहे. माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच आजारी आहे. दोन वेण्या घालू का विचारलं. मान फिरवली.
देवा, एक ओळ. फार मागत नाही. अर्धी चालेल.

२१ जून
सगळे आले. कुलकर्णी खाकी चड्डीत, पांढरेफटक पाय, गळ्यात पाण्याची बाटली. हसायला हवं होतं, हसलो. आमरसाआधी वर्ग भरवला. मी मास्तर. हिला मधे आरामखुर्चीत बसवलं.
सुरू केलं. सगळे छान म्हणत होते. ही डाव्या हातानं खुर्चीवर थापा मारू लागली. जोरात. चेहरा लाल. मी आवाज चढवला, तशी तीही जोरात. नाईकवहिनी थांबल्या. "भावजी, पुरे. त्या थकल्यात." बाहेर आंधी सुटली, दारं आपटायला लागली, घरभर धूळ. वाटलं, संपलं सगळं. केतकीचंच खरं झालं.
तेवढ्यात वानखेडेबाई म्हणाल्या, "काका, थकल्या नाहीत काकू. चाल चुकून राहिली म्हणून मारून राहिल्या त्या. आमच्या शाळेत अशी नाही म्हणत." आणि हिच्या गुडघ्याशी बसून त्यांनी सुरू केली. पुस्तक बदललं तरी तिकडच्या जुन्या बाई ही कविता त्याच चालीत शिकवायच्या म्हणे. भरभर, उड्या मारत जाणारी चाल. थापा ठेक्यात पडू लागल्या.
दुसऱ्या ओळीला ही म्हणाली. शब्द. अख्खे. चार ओळी! कुलकर्णी चड्डीतच रडत होता.
मी धावलो. "मालती, पाणी हवं?" अं. "मालती, मी कोण?" अं.

२३ जून
आज मीच कविता म्हणून पाहिली. वानखेडेबाईंचीच चाल, असं मला वाटत होतं. हिनं हातावर फटका मारला. अठ्ठेचाळीस वर्षांत ती चाल मी पुरती कधी ऐकलीच नव्हती. ही सुरू करायची आणि मी माझी बैलगाडी घालायचो मधे.

२५ जून
वानखेडेबाई आल्या. परत चार ओळी! वर 'बाई' असा एक सुटा शब्द, त्यांच्याकडे बघून. जेवायला थांबल्या. जाताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता सांगितलं, "काका, यांची बदली झाली बिकानेरले. रविवारी निघून राहिलो."
मी अभिनंदन म्हणालो. काय बोललो मी!

२६ जून
त्यांचा आवाज फोनवर भरून घेतला. त्या गेल्यावर लावला. हिनं फोनकडे पाहिलं, उशीखाली सरकवला. माणूस हवं, समोर बसलेलं.

२८ जून
गेल्या. स्टेशनवर जाण्याआधी घरी येऊन गेल्या. काल दुपारभर मला शिकवत होत्या. "काका, तिसऱ्या ओळीले तुमी साताऱ्यात पोचता हो! अकोल्यातच राहा न!" हसलो दोघंही. मग डोळे पुसत हिच्या पायाशी वाकल्या. ही कविता म्हणाली नाही. त्यांचा पदर सोडेना.

१ जुलै
बोलली नाही. फटके तेवढे. कुलकर्णी म्हणतो, मारते म्हणजे ऐकते आहे. त्याला काय जातं.

४ जुलै
आज तिसरी ओळ ओलांडली! फटका नाही. चौथीला वर पाहिलं तर हिचे ओठ उघडलेले, कडा थरथरत होत्या. मी बघायला थांबलो आणि चाल सुटली. ओठ मिटले. पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली, नाही.
उद्या डोळे मिटून म्हणणार. ओठ हलले तर मला दिसायचे नाहीत, आणि माझ्या या आवाजात तिचा बारीक आवाज ऐकूही येणार नाही कदाचित. नसू दे. तिची ती म्हणेल.