पाणगादीवाला मालक आणि आमचे बीव्हर

एल्क प्रेअरी, आयोवा
२४ जुलै १९७७, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय आर्डिस हिला थोरल्या बहिणीचे प्रेम, गेराल्डला नमस्कार आणि मुलांना पापा.

प्रभूच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे ऑरव्हिलचे गुडघे, तळघरातली ओल आणि आपला बीव्हर बेसबॉल संघ एवढे सोडले तर ठीक. तुझी पाठ कशी आहे? गरम पाण्याची पिशवी लाव, डॉक्टरकडे धावू नकोस (ते तेच सांगतात आणि वर बिल देतात). तू पाठवलेला साबण पोचला. जुना संपल्याशिवाय काढणार नाही, तेव्हा नाताळपर्यंत त्याचे कौतुक अपेक्षू नये.

तर संघ. धान्याच्या कोठारवाल्या ब्रेके म्हातारबांनी मार्चमध्ये संघ विकला हे तुला कळलेच आहे. घेणारा कॅलिफोर्नियाचा, डेन्टन क्रॉफ्ट नावाचा, छत्तिशीचा. पाणगाद्या विकून श्रीमंत झाला आहे. (पाणी भरलेली गादी. होय, झोपायला. मीही दोनदा विचारले.) पांढरे बूट घालून तो आपल्या चर्चच्या सभागृहात आला, माझी रूबार्बची गोड पेस्ट्री दोन वेळा मागून खाल्ली आणि तोंड पुसून म्हणाला की मी एक हंगाम बघणार, लोक आले तर संघ इथे, नाही तर मोठ्या शहरात. ऑरव्हिल घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

तुला ठाऊक आहे, लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला जगात बसायला दोनच जागा आहेत, चर्चमधला आपला बाक आणि मैदानावर डावीकडची तिसरी पायरी. नोव्हेंबरपासून तो खिडकीशी बसून बर्फ बघतो आणि काही विचारले तर ‘हं’ म्हणतो. मागच्या हिवाळ्यात छातीत दुखून आल्यावर तर ते ‘हं’सुद्धा कमी झाले. एप्रिलमध्ये संघ परत आला की माणसाला वाचा फुटते. संघ गेला तर बाराही महिने खिडकी. माझ्या स्वयंपाकघरातली खिडकी, आर्डिस.

क्रॉफ्टने सुधारणांचा सपाटा लावला. मैदानावरचा मिस गुनहिल्डचा ऑर्गन काढून तिथे तबकड्या आणल्या. (ती बिचारी आता चर्चमध्ये रागाने इतकी जोरात वाजवते की पाद्रीबाबांना आशीर्वाद ओरडून द्यावा लागतो.) मग बक्षिसाची म्हणून एक पाणगादी मैदानाच्या मधोमध मांडली. ती फुटली. खेळ रद्द झाला, कारण पावसाचे नावसुद्धा नसताना दुसऱ्या बेसजवळ साचलेल्या पाण्यात बदके उतरली होती. तेवढ्याने भागले असते तर मी शाई खर्च केली नसती.

दरवर्षीप्रमाणे एक खेळाडू आपल्याकडे उतरला आहे, तुझ्याच जुन्या खोलीत. अलाबामाचा डुएन पिकेट. चेंडू फेकतो. गुणी पोर, जेवणाआधी प्रार्थना करतो, पण नंतर सहा अंडी खातो. जूनमध्ये तो लागोपाठ तीन सामने जिंकला आणि म्हणाला, “मॅम, एवढे मोजे धुवू नका.” आपण लुथरन पंथाची माणसे, असल्या गोष्टी मानत नाही. मी मोजे धुतले नाहीत ते साबण वाचावा म्हणून. मागच्या ओसरीवर वेगळ्या खिळ्याला टांगले आहेत आणि त्या दाराने हल्ली मांजरही येत नाही.

तर एका शनिवारी नऊपैकी सात डाव झाले, आणि समोरच्यांपैकी एकालाही डुएनचा चेंडू टोलवून बेसवर पोचता आले नव्हते. अशा वेळी काय करायचे असते? काही नाही! त्या गोष्टीचे नाव काढायचे नाही, काढले की दृष्ट लागते. चेंडू फेकणाऱ्याच्या शेजारी बसायचे नाही. बाबांनी हे आपल्याला जेवणाच्या प्रार्थनेच्याही आधी शिकवले. सगळे मैदान गप्प होते. ऑरव्हिलने अर्धा शेंगदाणा तोंडात तसाच धरला होता. आणि तेवढ्यात कर्णा खरखरला. क्रॉफ्ट! “मंडळी, लक्षात आलंय का तुमच्या? आज अजून एकालाही डुएनचा चेंडू मारता आलेला नाही! होऊ दे टाळ्या!”

एकही टाळी वाजली नाही. माझ्यामागे बसलेल्या पाद्रीबाबांनी जो शब्द उच्चारला तो मी बायबलमध्ये वाचला आहे, पण त्या अर्थाने नव्हे. पुढचाच चेंडू समोरच्याने कुंपणापार धाडला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. डुएन रात्री जेवला नाही (अंडी वाचली, पण आनंद झाला नाही).

गावाने मग क्रॉफ्टला जे करायचे ते केले, म्हणजे काहीच केले नाही. हॉटेलातल्या मर्नाने त्याला कॉफी दिली, ती कोमट. न्हाव्याने अर्धे डोके करून जेवायची सुट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी क्रॉफ्ट डुएनची माफी मागायला आमच्या पायऱ्यांशी आला आणि रडवेला होऊन म्हणाला, “मिसेस टोलेफसन, मी कौतुकच केलं ना हो त्याचं!”

मी काही म्हणायच्या आत ऑरव्हिल ओसरीवरून म्हणाला, “उद्या ये. माझ्याशेजारी बस. तोंड उघडायचं ते शेंगदाण्यापुरतं.”

“आणि काही सुचलं तर?”

“अजून एक शेंगदाणा घे.”

तो आला, बसला, गप्प राहिला. जिंकलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो. ऑर्गन परत आला. आता लोक गावोगावहून येतात. खेळ बघायला म्हणशील तर थोडेच. बाकीचे मालक नऊ डाव तोंड मिटून राहतो का ते बघायला. परवा आठव्या डावात तो लाल होऊन उभा राहिला, तेव्हा अख्ख्या मैदानाने श्वास रोखला. शिंकला आणि खाली बसला. इतक्या टाळ्या मी डुएनलाही मिळालेल्या पाहिल्या नाहीत. घरी येताना ऑरव्हिल वाटभर बोलत होता. मी दमले ऐकून. असा माणूस मला डिसेंबरात हवा आहे.

नवा मालक बुडता संघ वर काढू शकतो का, असे तू विचारले होतेस. काढू शकतो, त्याच्या तोंडात काहीतरी कोंबले तर. बाकी सर्व क्षेम. प्रभू तुम्हा सर्वांचे रक्षण करो.

तुझी,
व्हर्ना

ता. क. सांगायचेच राहिले. क्रॉफ्टला तुमच्या पोर्ट लॅनिंगवाल्यांनी नवे मैदान बांधून द्यायची तयारी दाखवली आहे. तो स्वतः कुंपणावर बसला आहे, पण मैदान मंजूर झाले की संघ हलणार. शुक्रवारी तुमच्या नगरसभेत हात वर करून मतदान आहे आणि एका हाताचा फरक पडेल म्हणतात. गेराल्ड तिथे सदस्य म्हणून बसतो ना?

ता. क. २. आईचा काचेचा वाडगा, जो तू तिच्या दफनापासून मागते आहेस आणि जो मी कधीही देणार नाही असे म्हटले होते, तो मोज्यांत गुंडाळून (धुतलेल्या, ऑरव्हिलच्या) वेगळ्या खोक्यातून पाठवत आहे. याला लाच म्हणत नाहीत. पाद्रीबाबांना विचारायची मला गरज वाटली नाही. खोके शनिवारी उघडावे. गेराल्डने हात वर केला असेल तर उघडू नये, तसेच परत पाठवावे, टपालखर्च तुमचा.

ता. क. ३. ऑरव्हिलने आत्ताच विचारले, वाडगा कुठे गेला. फुटला म्हणून सांगितले. रविवारी, चर्चहून आल्यावर! गेराल्डला म्हणावे, तुझ्यापायी माझ्या बहिणीने एवढे केले, आता निदान दोन्ही हात खिशात घालून बस. ऑरव्हिल म्हणतो, “बरं झालं फुटला. आता आर्डिस तरी गप्प बसेल.”