चौदा दिवसांची मुदत

उरायासु (जपान), १२ मे १९९४

सौ. शैलजाताई विहीणबाईंस,
नमस्कार.

मला राग आलाय, आणि त्यातला अर्धा तुमच्यावर आहे. मुलांनी आपल्या नातीचं नाव ‘अमी’ ठेवलं. का, तर जपान्यांनाही ते म्हणता येतं! इथे जन्मानंतर चौदा दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. ते चौदाही दिवस तुम्ही फोनवर ‘वत्सला’ म्हणत राहिलात आणि मी ‘विशाखा’. “बाळाचं नाव आहे की पतपेढीचं?” हे मात्र मी बोलायला नको होतं.

काल थोरली श्रावणी शाळेचा धडा वाचून दाखवत होती. १७८९ साली अमेरिकेने पहिला राष्ट्राध्यक्ष निवडला, तेव्हा न्यूयॉर्क राज्याचं एकही मत पडलं नाही. मत द्यायला माणसं कशी नेमायची, यावर तिथल्या विधिमंडळाची दोन सभागृहं भांडत बसली आणि मुदत टळली. वॉशिंग्टन त्यांच्यावाचून निवडून आले.

“आजी, म्हणजे तू आणि पुण्याची आजी!” कार्टी म्हणाली. तुमचे चिरंजीव चहाच्या कपात तोंड घालून हसले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी अशा हसण्याला पट्टी दाखवली असती.

पण खरं सांगू? आज दुपारी घरात कुणी नव्हतं. आत्याचा मान बाजूला ठेवून मी बाळाच्या कानात ‘विशाखा’ म्हटलं. तिने जांभई दिली. मग ‘वत्सला’ म्हटलं, तर मेली टक्क डोळे उघडून हसली.

हे कळलं तर तुम्ही जन्मभर ऐकवाल. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

तुमची हट्टी विहीण,
कुमुद